ईस्टरच्या सोमवारचं पाणी

पार्मा, ओहायो
१४ जानेवारी २०१९

हालिना,

पाकिटावरचं नाव वाचूनही तू हे फाडलं नाहीस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. मी रेमंड क्लिमेक. लिंडन रस्त्यावर तुमच्या शेजारच्या पिवळ्या घरातला, मोठ्या कानांचा. कान अजून तेवढेच आहेत, बाकीचा मी त्यांच्या मापाला आलो.

पत्ता तुझ्या बहिणीने, वांदाने दिला. नाताळात मी तिला फोन केला तेव्हा आधी तिने ओळख न पटल्याचं नाटक केलं, मग तुझा पत्ता सांगितला. वर म्हणाली, "तूच सांग तिला. माझ्याच्यानं चाळीस वर्षांत झालं नाही." काय सांगायचं ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हा मी आपला घरच्या बातम्या सांगतो.

तुझे वडील, तुम्हा पोरींचे ताता, नोव्हेंबरात स्वयंपाकघरात पडले. हाड मोडलं नाही, पण एकट्याने राहायचे दिवस संपले. आता ते चर्चमागच्या वृद्धाश्रमात आहेत, दुसऱ्या मजल्यावर. वय एक्याण्णव. कान गेलेत, डोकं मात्र शाबूत आहे. परवा तिथल्या नर्सला म्हणाले, "बाई, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" घर आवरायचं काम माझ्याकडे आलंय, कारण दुसरं कोण करणार? डॉक्टर म्हणतात की हृदय थकलंय, पुढचा उन्हाळा काही सांगता येत नाही. तू यावंस, एवढंच माझं म्हणणं.

माझं म्हणशील तर रस्ते खात्यात तेहतीस वर्षं काढली. हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकणारी गाडी चालवायचो. दोनदा बढती देत होते, दोन्ही वेळा नाही म्हटलं. खात्यातले लोक मला खुळा समजायचे. डोलोरेस नावाच्या भल्या बाईशी लग्न केलं, ते बारा वर्षं टिकलं. जाताना ती म्हणाली, "रेमंड, या घरात आपण दोघं राहत नाही, पाच जण राहतो. शेजारच्या त्या तीन विल्कोश बहिणींना मी आता वाढणार नाही." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तू वडिलांशी बोलत नाहीस हे अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. तुमची धाकटी झोशा वारली त्या सकाळी मी घरी नव्हतो, त्यामुळे मला नक्की काही ठाऊक नाही. पण माणूस एक्याण्णवचा झाला की जुनं सोडून द्यावं असं मला वाटतं. विमानतळावर घ्यायला मी येईन.

रेमंड

पार्मा
३ फेब्रुवारी २०१९

हालिना,

तुझं उत्तर मिळालं. मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ झालंय. "मी येणार नाही. त्या पायऱ्यांवर पाणी मी टाकलं होतं. फरशी पुसली, बादली मागच्या दारातून ओतली, रात्रीत त्याचा बर्फ झाला आणि सकाळी माझी चौदा वर्षांची बहीण त्यावरून पडून मेली. ताता मला म्हणाले, 'तू मारलंस तिला.' ते खरं बोलले. त्यांच्यासमोर पुन्हा उभं राहायचं बळ माझ्यात नाही."

हे वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसलो. खुर्ची शेजारीच होती, तरी जमिनीवर बसलो.

हालिना, मला वाटायचं की तुला माहीत आहे. वांदाने तुला त्याच आठवड्यात सांगितलं असणार, असं मी धरून चाललो होतो. तू अठरा पूर्ण होताच बस पकडून निघून गेलीस ती बापाच्या रागाने, त्याने वाटेल ते बोलून घेतलं म्हणून. आणि आमचं नाव कुणाला सांगितलं नाहीस ते आमची कीव येऊन. चाळीस वर्षं मी मनातल्या मनात तुझे आभार मानले. तुझ्या डोक्यात हे भलतंच असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

आता मुद्द्यावर यायला हवं, कळतंय मला. पण आधी दुसरं एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं तू खरं मानणार नाहीस.

तुमची आई गेल्यावर तुमच्या वडिलांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. शाळा, चर्च आणि मागचं दार, एवढंच तुमचं जग. नाच नाही, वाढदिवस नाहीत, दुकानात जायचं तर तिघींनी मिळून आणि वीस मिनिटांत परत. आम्ही मुलं अर्थातच येडी झालो. पण बाकीची मुलं मोठी झाली आणि विसरली. माझं तसं झालं नाही.

हवं तर शपथेवर सांगतो. सतराव्या वर्षीसुद्धा मी चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या हाताखाली सेवा करायचो, ते काही देवासाठी नव्हतं. प्रसाद देताना हनुवटीखाली ताटली धरावी लागते ना, ती तुझ्या हनुवटीखाली मला धरायची होती. त्यासाठी मी इतर मुलांशी रविवार बदलून घ्यायचो, चॉकलेटं देऊन. एकदा मी तुझ्याकडे इतका बघत राहिलो की ताटली पुढच्या म्हातारीच्या गळ्याला लागली आणि ती पाद्रीबाबांसमोर "अगं आई!" म्हणून किंचाळली. तू हसली नाहीस. वांदा हसली, झोशा तर बाकाखाली गेली.

आणि माझ्या खोलीची खिडकी तुमच्या मागच्या अंगणावर उघडायची. मी बघायचो, रोज. तू कपडे कुठल्या क्रमाने वाळत घालतेस, केस कधी बांधतेस, कुठल्या दिवशी फरशी पुसतेस. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी हे लिहिताना मला लाज वाटते. शेजारचा पोरगा आपल्यावर डोळे लावून बसलाय हे कुठल्या मुलीला आवडेल? पण मी बघत होतो हे लक्षात ठेव.

आज इतकंच लिहवतं.

रेमंड

पार्मा
२० फेब्रुवारी २०१९

हालिना,

सतरा दिवस टाळलं. आता सांगतो.

आपल्या पोलिश लोकांत ईस्टरच्या सोमवारी मुलांनी मुलींना भिजवायचं आणि मंगळवारी मुलींनी फेड करायची. ज्या घरी पाणी घेऊन कोणीच जात नाही त्या घरच्या पोरींविषयी बायका काय बोलतात तेही तू ऐकलेलं आहेस. तुमच्याकडे कोणी यायचं नाही. एके वर्षी दोघं आले होते, त्यांना तुझ्या वडिलांनी बागेच्या नळीने धुऊन काढून परत पाठवलं.

१९७८ मध्ये ईस्टर लवकर आला, मार्चमध्ये. दुपारी बर्फ वितळायचा आणि रात्री पुन्हा गोठायचा, असे दिवस. सोमवारी सकाळी दहाला मी आणि माझा दोस्त जीन पावलक दोन बादल्या घेऊन तुमच्या मागच्या दाराशी आलो. तुझे वडील कारखान्यात गेलेले आम्ही पाहिलं होतं. तू चर्चमध्ये बायकांबरोबर वेदीवरची कापडं धुवायला गेलीस हे आम्हाला माहीत नव्हतं. मी आलो होतो तुझ्यासाठी.

दार वाजवलं. दाराशेजारची खिडकी वर सरकली आणि झोशाने डोकं बाहेर काढलं. मागे वांदा तिचा झगा ओढत होती, "बंद कर गं, बंद कर!"

"हालिना नाहीये घरी," झोशा म्हणाली. "अरेरे, बिचारा रेमंड! एवढी बादली उचलून आणली."

जीन म्हणाला, "दार तरी उघड."

"दार उघडलं तर ताता चामडी लोळवेल माझी. इथूनच टाका की. नेम आहे का काही?"

आमचा नेम नव्हता. पाणी भिंतीवर गेलं, दारावर गेलं आणि पायऱ्यांवरून खाली आलं. आम्ही नळावर भरून पुन्हा आणलं. ती खिडकीत वाकुल्या दाखवायची आणि ऐन वेळी खाली बसायची. प्रत्येकी तीन, एकूण सहा बादल्या ओतल्या. शेवटची तिच्या केसांवर बसली. मग वांदाने खिडकी खाली ओढली, पण त्याआधी झोशा ओरडली, "उद्या मंगळवार आहे, रेमंड! पेपर टाकायला येशील ना? बघते तुला!"

त्या दाराकडे ऊन कधीच यायचं नाही. पायऱ्या निथळत होत्या. आम्ही शिट्टी वाजवत घरी गेलो.

दुपारी तू आलीस तेव्हा स्वयंपाकघर ओलं होतं. वांदाने तुला सांगितलं की पातेलं सांडलं. ते पातेलं नव्हतं, आमचंच पाणी दाराखालून आत आलं होतं. तू फरशी पुसलीस आणि चारच्या सुमाराला बादली घेऊन दारात आलीस.

आता नीट वाच. मी खिडकीत होतो. तू बादली नेहमी डावीकडे ओतायचीस, कठड्यावरून, गुलाबाच्या झुडपात. आईचं झाड म्हणून. पायऱ्यांवर तू कधीच ओतली नाहीस, आणि त्या दिवशीही नाही. मी पाहिलंय. पाण्याचा एक थेंब पायरीवर पडला नाही. तुझ्या प्रत्येक हालचालीचा मला ध्यास होता, मी चुकणं शक्य नाही. पायऱ्या तू येण्याआधीच ओल्या होत्या. तुझ्या मनात काहीतरी ओलं दिसल्याचं राहिलं असेल, आणि वडिलांनी बोट दाखवल्यावर तुला ते आपलंच पाणी वाटलं असेल.

त्या सकाळी मी घरी नव्हतो असं पहिल्या पत्रात लिहिलं. नव्हतोच. तुमच्या कुंपणापाशी होतो, पेपरांची पिशवी खांद्याला अडकवून, आणि मुद्दाम हळू चालत होतो, कारण मला भिजायचं होतं. नुकतं उजाडलं होतं. झोशा हातात पाण्याचा जग घेऊन चवड्यांवर बाहेर आली. मला बघून तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. मग पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मीच पहिला तिच्यापाशी पोचलो. ती गेली होती. मी ओरडलो असेन, कारण तुझे वडील आणि तू बाहेर आलात. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "इथं पाणी कुणी टाकलं?" तू म्हणालीस, "मी." मी मागे सरकून दहा हातांवर उभा होतो. मी तोंड उघडलं. मग ते तुला म्हणाले, "तू मारलंस तिला," आणि मी तोंड मिटलं.

वांदा काही बोलली नाही कारण खिडकी उघडली होती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला बापाची भीती वाटली, तिला दोष देऊ नकोस. जीन लष्करात गेला आणि तिकडेच अपघातात वारला. राहिलो मी. मला कुणाची भीती होती? तुझी. तू माझ्याकडे पुन्हा बघणार नाहीस याची. तू तशीही बघत नव्हतीस.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तुमच्या मागच्या पायऱ्यांवर मीठ टाकतो, आधी आपल्या घरातलं, मग खात्यातलं. तुझे वडील सगळ्यांना सांगतात की असा शेजारी नशिबाने मिळतो. ते ऐकून दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माफी मागायचं तोंड मला नाही. पण ते पाणी तुझं नव्हतं. एवढं तरी माझ्याकडून घे.

रेमंड

पोर्टलंड, ओरेगन
८ मार्च २०१९

रेमंड,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. मी मूल होऊ दिलं नाही, कारण माझ्या हातून त्याला काहीतरी होईल असं मला वाटायचं. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

मला सांगितलंस. ताताला सांगितलंस का?

हालिना

पार्मा
१७ मार्च २०१९

हालिना,

काल दुपारी सांगितलं.

मूल होऊ दिलं नाहीस ते तुझं वाक्य खिशात ठेवून गेलो.

तुझ्या वडिलांना कमी ऐकू येतं म्हणजे किती, याची तुला कल्पना नाही. मी खुर्ची ओढून हळूच सुरुवात केली, तर म्हणाले, "काय? जेवण?" शेवटी मला ओरडावं लागलं. आयुष्यभर लपवलेली गोष्ट मी वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितली. पलीकडच्या खाटेवरच्या नोवाकने नीट ऐकू यावं म्हणून टीव्ही बंद केला.

"पायऱ्यांवरचं पाणी आम्ही टाकलं होतं! मी आणि जीनने! हालिनाचं नव्हतं ते!"

"सोमवारी?" ते म्हणाले.

"सोमवारी!"

"आमच्याकडे? बादल्या घेऊन?"

"हो! सहा बादल्या!"

त्यांनी खाटेचा कठडा घट्ट पकडला. मला वाटलं आता हृदय थांबतंय आणि ते पापही माझ्या माथी. मग म्हणाले, "मी त्या दिवशी यंत्रावर उभा होतो आणि दिवसभर एकच डोक्यात होतं. गावभर पोरी भिजतायत, माझ्या तेवढ्या कोरड्या. माझ्यामुळे. संध्याकाळी घरी जाऊन मीच त्यांच्यावर तांब्याभर पाणी टाकावं म्हटलं, पण लाज वाटली." मग विचारलं, "झोशा भिजली?"

"केस भिजले!"

"रडली?"

"हसली! खिडकीत उभी राहून हसत होती! आम्हाला नेम नाही म्हणून चिडवत होती!"

हालिना, ते रडले. मी त्यांना तुझ्या आईच्या प्रेताशी पाहिलंय, झोशाच्याही पाहिलंय, पण रडताना पाहिलं नव्हतं. नोवाकही रडला, त्याचा काही संबंध नसताना. मग तुझ्या वडिलांनी मला जवळ बोलावलं आणि कानाखाली वाजवली. एक्याण्णव वर्षांचा हात आहे, पण तो आयुष्यभर लोखंडावर चालला. चांगलीच लागली.

"ही झोशाची नाही," ते म्हणाले. "पोरांनी पाणी टाकायचंच असतं. ही हालिनाची. तिथं उभा होतास आणि बोलला नाहीस." मी म्हटलं, बरोबर आहे. मग ते म्हणाले, "कागद घे."

खाली आहे ते त्यांचं. शब्द त्यांचे, अक्षर माझं.

"हालिना. पाणी तुझं नव्हतं. मी बोललो ते खोटं होतं. आणि पाणी तुझं असतं, तरी बापाने ते बोलायचं नव्हतं. पोर आधीच मेली होती, मी दुसरीही घालवली. पुढच्या दाराला कुलूप मी घातलं होतं. दार उघडं असतं तर ती पुढून गेली असती. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, म्हणून मी तुझ्यावर ओरडलो."

इथे ते थांबले. मी विचारलं, "माफ कर, असं लिहू?"

"नको," ते म्हणाले. "ते तू लिहायचं नाही. ते मी तिच्या तोंडावर म्हणेन. तिला म्हणावं, लवकर ये. मी काही इथं कायमचा राहायला आलेलो नाही."

सही त्यांनी स्वतः केली. तिला अर्धा तास लागला आणि मला हात लावू दिला नाही.

रेमंड

पोर्टलंड
२५ मार्च २०१९

रेमंड,

ताताचं वाचलं. "पाणी तुझं असतं तरी," ही ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. ती मला सतराव्या वर्षी हवी होती, पण आत्ताही चालेल.

वांदाला फोन केला. आधी ती रडली, मग मी रडले, मग दोघी कडाकडा भांडलो. चाळीस वर्षांत आम्ही भांडलो नव्हतो, नुसत्या एकमेकींशी नीट वागत होतो. तीही येतेय, एक दिवस मागाहून.

माझं विमान गुरुवारी, चार एप्रिलला, दुपारी सव्वादोनला उतरेल. ताताला सांग, काय म्हणायचं ते पाठ करून ठेवा, मी ऐकायला येतेय.

घ्यायला तू ये. मी तुला माफ केलेलं नाही आणि करीन की नाही ते मला माहीत नाही. पण त्या सोमवारी झोशा खिडकीत काय काय बोलली, कशी हसली, ते मला सगळं ऐकायचंय, आणि ते सांगणारा तू एकटाच उरलायस. तेव्हा विमानतळावरून लांबच्या रस्त्याने चल.

हालिना